नागोयाला गेलात तर इनुयामा: किल्ला आणि त्याखालचं गाव एका दिवसात नीट कसं बघावं

चाकण-तळेगावच्या कंपन्यांमधून ट्रेनिंगसाठी किंवा कामासाठी नागोयाला जाणारे पुण्यात पुष्कळ आहेत. तिथे सुट्टीचा दिवस मिळाला की पहिलं नाव निघतं ते नागोयाच्याच किल्ल्याचं. जरूर बघावा, पण त्याचा मुख्य मनोरा १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळाला हे आधी माहीत असू द्या. आज उभा आहे तो १९५९ साली बांधलेला काँक्रीटचा आहे, आणि २०१८ पासून त्याच्या आत कुणालाच सोडत नाहीत. आवारातला लाकडी राजवाडा नव्याने बांधलाय, तो देखणा आहे. पण खरोखर जुनं लाकूड पायाखाली हवं असेल तर ट्रेनने अर्ध्या तासावरचं इनुयामा गाठा.

जपानी किल्ल्याचं जोतं दगडाचं असतं आणि वरचं सगळं लाकूड, माती, चुना. त्यामुळे आग हा त्याचा सगळ्यात मोठा शत्रू. १८२८च्या आगीत शनिवारवाड्याचं जे झालं, म्हणजे वाडा गेला आणि जोतं उरलं, तेच तिथल्या कितीतरी किल्ल्यांचं झालं. आगीतून वाचलेले बरेचसे १८७३च्या सरकारी हुकुमानंतर पाडले गेले आणि त्यातूनही राहिलेले काही दुसऱ्या महायुद्धात गेले. मुख्य मनोरा, ज्याला तिथे तेन्शू म्हणतात, मूळचा टिकून आहे असे किल्ले आज अख्ख्या जपानात फक्त १२ आहेत. त्यातल्या पाचांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे: हिमेजी, मात्सुमोतो, हिकोने, मात्सुए आणि इनुयामा. हिमेजी भव्यतेत सगळ्यांच्या पुढे, यात वाद नाही. पण किल्ला आणि त्याच्या आश्रयाने वाढलेलं गाव ही एकच रचना कशी होती, हे पायी चालत समजून घ्यायचं तर इनुयामासारखी जागा नाही. गाव एवढंसं आहे, जुने रस्ते जागेवर आहेत आणि सगळं एका दिवसात आवाक्यात येतं.

एका स्टेशनवर उतरा, दुसऱ्यावरून परता

बहुतेक जण इनुयामा स्टेशनवर उतरतात, बाजारपेठेतून खात-खात किल्ल्यापर्यंत जातात आणि त्याच वाटेने परत येतात. यात दोन गोष्टी बिघडतात. सकाळी लवकर पोचलात तर पेठेतली दुकानं बंद असतात, कारण ती दहा-अकराच्या सुमारास उघडतात. आणि दुकानं उघडल्यावर निघालात तर किल्ल्यावर पोचेपर्यंत रांग लागलेली असते. आतले जिने अरुंद आहेत, एका वेळी मोजकीच माणसं वर जाऊ शकतात, त्यामुळे शनिवार-रविवारी आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दारातच बराच वेळ उभं राहावं लागतं.

म्हणून क्रम उलटा ठेवा. इनुयामाच्या पुढचं स्टेशन इनुयामा-युएन. तिथे उतरून नदीकाठाने नऊच्या ठोक्याला किल्ल्यावर जा, अकराच्या सुमारास खाली पेठेत उतरा आणि संध्याकाळी इनुयामा स्टेशनवरून परतीची गाडी पकडा. पायपीट तेवढीच राहते, पण एकही रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही.

किल्ला ९ ते ५ उघडा असतो, शेवटचा प्रवेश ४.३० ला, आणि २९ ते ३१ डिसेंबर बंद. जुन्या लेखांमध्ये तिकीट ५५० येन लिहिलेलं सापडेल, त्यावर विसंबू नका. जपानमधले किल्ले एकामागून एक दर वाढवताहेत. हिमेजीने तर मार्च २०२६ पासून बाहेरगावच्या प्रौढांसाठी २५०० येन केलेत. निघण्याच्या आदल्या दिवशी किल्ल्याच्या अधिकृत संकेतस्थळावर दर आणि वेळ दोन्ही बघून घ्या.

नागोया स्टेशनवरचा घोळ

इथे भलेभले चुकतात. इनुयामाला जायला जेआर (जपानची मुख्य रेल्वे) नाही, मेइतेत्सु या खासगी कंपनीची गाडी लागते. जेआरचा पास तिथे चालत नाही. आधी पैसे भरून वापरायच्या सुइका, इकोका किंवा मानाका यांपैकी कुठलंही कार्ड चालतं. भाडं एका बाजूचं सहाशे येनच्या आसपास.

मेइतेत्सुचं नागोया स्टेशन जमिनीखाली आहे आणि एवढ्या वर्दळीच्या स्टेशनात रूळ दोनच. एका रुळावरून सगळ्या उत्तरेकडच्या गाड्या, दुसऱ्यावरून सगळ्या दक्षिणेकडच्या. गिफूला जाणारी आणि इनुयामाला जाणारी गाडी एकाच फलाटावर दोन-दोन मिनिटांच्या अंतराने येतात. त्यामुळे फलाट बरोबर आहे म्हणून समोर आलेल्या गाडीत चढलं, की माणूस गिफूला पोचतो. वर टांगलेल्या पाट्यांवर आणि खाली फरशीवर प्रत्येक दिशेसाठी वेगळा रंग आहे. आधी पाटीवर इनुयामाचा रंग शोधा, मग खाली त्याच रंगाच्या रांगेत उभे राहा. गाडीही त्याच हिशोबाने पुढे-मागे थांबते. डब्यावरचं अंतिम स्थानक वाचल्याशिवाय पाय आत टाकू नका.

गाडी निवडताना 'शिन-उनुमा'ला जाणारी घ्या, ती इनुयामा-युएनला थांबते. 'शिन-कानी'ची गाडी इनुयामापासून दुसऱ्या फाट्याला वळते. तीच मिळाली तर इनुयामाला उतरून पुढच्या गाडीने एक स्टेशन जा. काही जलद गाड्यांना राखीव बैठकीचे डबे जोडलेले असतात. त्यांचं वेगळं तिकीट लागतं, आणि ते नसताना बसलात तर तिकीट तपासनीस नम्रपणे येऊन पैसे घेतोच. अर्ध्या तासाच्या प्रवासाला साधा डबा पुरतो. नागोयाहून सव्वाआठच्या आत निघा.

चुबू विमानतळावरूनही मेइतेत्सुची गाडी याच मार्गाने येते. ज्यांच्याकडे जेआर पास आहेच त्यांनी गिफूला गाडी बदलून उनुमापर्यंत यावं आणि पूल ओलांडून चालत यावं. पण फक्त पास वसूल करण्यासाठी एवढा वळसा घालण्यात अर्थ नाही.

मोठी बॅग घेऊन येऊ नका. आणलीच तर इनुयामा स्टेशनवर नाण्यांचे लॉकर आहेत, पण मग आधी तिथे उतरावं लागेल.

नदीकडून किल्ला

इनुयामा-युएनच्या पश्चिम दारातून बाहेर पडा आणि किसो नदी उजव्या हाताला ठेवून प्रवाहाच्या दिशेने चालू लागा. पंधरा मिनिटांची सपाट वाट आहे. पलीकडचा काठ गिफू प्रांताचा. थोडं पुढे गेलं की कड्यावरचा तेन्शू दिसू लागतो. गावाकडून येणाऱ्यांना हे दृश्य मिळतच नाही, आणि किल्ला इथेच का बांधला याचं उत्तर नेमकं इथे आहे. मागची सगळी बाजू नदी आणि कड्याने सांभाळली, तट-खंदकाचा खर्च फक्त दक्षिणेकडे करावा लागला. शिवाय नदीतून चालणारी ये-जा वरून नजरेखाली राहत होती. आपल्याकडे गडाचे कडे बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

वाटेत डाव्या बाजूला उराकुएन ही बाग लागते. आत 'जो-आन' ही चहाची कुटी आहे, सोळाव्या शतकातला बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा याच्या धाकट्या भावाने, उराकुसाईने बांधलेली. तीही राष्ट्रीय ठेवा आहे, आणि १९७२ साली इथे आणून उभी केली. पुणेकरांनी सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान बघितलेलं असतं. ते ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर केलंय, म्हणजे मोठ्या सरदाराची फिरायची बाग. जो-आनचं आवार याच्या अगदी उलट टोकाचं: छोटं, झाकलेलं, चहाला आलेल्या दोन-चार पाहुण्यांपुरतं. बाग किल्ल्यानंतर उघडते आणि तिला आठवड्याची सुट्टी असते. हवी असेल तर किल्ला बघून मागे या, दहा मिनिटांचं अंतर आहे.

चढ आणि दरवाजा

टेकडीच्या पायथ्याला दोन देवळं आहेत, सान्को इनारी आणि हारित्सुना. इनारीच्या लाल कमानींच्या रांगेत फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते. गुलाबी बदामाच्या आकाराच्या नवसाच्या पाट्या तिथल्याच. देवळात रेंगाळायचं ते उतरताना, आधी वर जा. चढ दहा मिनिटांचाही नाही, पण वाट वळणावळणाची आणि दोन्ही बाजूंनी उंचवट्यांमध्ये दाबलेली आहे. त्या उंचवट्यांवर पूर्वी वेगवेगळ्या माच्या होत्या, आणि या वाटेने येणारा माणूस दोन्हीकडून माऱ्यात राहायचा. वरचा दरवाजा पुन्हा बांधलेला आहे. तिकीट तिथेच.

आत आल्याबरोबर तेन्शूकडे धावू नका. आधी समोर थांबून जोतं बघा. सुमारे ५ मीटर उंचीचं, ओबडधोबड, न घडवलेल्या दगडांचं. मोठे दगड एकमेकांवर टेकवलेले आणि फटींमध्ये छोटे ठोकून बसवलेले, चुना कुठेच नाही. जपानमधली ही जुनी पद्धत. पुढच्या काळात ओसाका-नागोयाला दगड तासून चपखल बसवू लागले. फटींमधून पाणी निघून जातं, म्हणून पावसात मागच्या मातीचा दाब साचून भिंत फुगत नाही. जोत्यासकट तेन्शूची उंची २४ मीटर. दाराजवळ पुढे आलेला छोटा बुरूज दिसेल, तो दाराशी आलेल्या शत्रूवर बाजूने मारा करण्यासाठी.

बाहेरून तीन मजले दिसतात, आत चार आहेत आणि जोत्यात आणखी दोन तळघरं. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या घंटेच्या आकाराच्या खिडक्या नीट बघा. त्या खिडक्या नाहीतच. नुसत्या चौकटी भिंतीवर ठोकल्यात, शोभेसाठी.

आत: जिने, मोजे, आणि काय बघायचं

बूट दारात काढून पिशवीत घालून हातात घ्यायचे असतात. म्हणजे एक हात अडकला. जिने जवळपास शिडीसारखे उभे, पायऱ्या उंच, आणि लाकूड शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेलं. सदाशिव-नारायण पेठेतल्या जुन्या वाड्याचा दोर धरून चढायचा अंधारा जिना ज्यांनी चढलाय त्यांना अंदाज येईल, फक्त इथे तसे चार आहेत आणि वरून माणसं उतरत असतात. त्यामुळे खांद्याला अडकवता येईल अशी कापडी पिशवी न्या आणि बूट तिच्यात घाला, दोन्ही हात मोकळे राहतात. साडी किंवा पायघोळ स्कर्ट टाळा. नायलॉनचे मोजे घसरतात, सुती घाला. डिसेंबर ते फेब्रुवारीत लाकडी जमीन बर्फासारखी गार असते, तेव्हा जाड लोकरी मोजे लागतातच. उतरताना तोंड जिन्याकडे करून, शिडी उतरतो तसं उतरा.

गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना वर नेण्याचा आग्रह धरू नका. लिफ्ट नाही आणि अर्ध्यावरून मागे फिरणं मागच्या रांगेमुळे अवघड होतं. त्यांनी जोतं, अंगण आणि नदीकडची बाजू बघितली तरी फेरी वाया जात नाही.

तळघरातून चढताना मान वर करून तुळया बघा. वाकड्या झाडाचं खोड जसं होतं तसं वापरलंय आणि त्यावर वाकसाच्या खुणा अजून दिसतात. पहिल्या मजल्यावर सरदाराची उंच केलेली बैठक आहे, आणि तिच्यामागे अंगरक्षकांना लपायला खोली. एका कोपऱ्यातून जमिनीतल्या फटीतून खाली दगड टाकायची सोय आहे. दुसऱ्या मजल्यावर मधली खोली हत्यारांची, आणि तिच्या चारी बाजूंनी रुंद मोकळी पट्टी, चिलखत घातलेल्या शिपायांना धावता यावं म्हणून. या पट्टीवरून एक पूर्ण फेरी मारा. तिसरा मजला बुटका आहे, डोकं सांभाळा.

चौथ्या मजल्यावरून बाहेरच्या सज्ज्यात जाता येतं आणि पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. असं इतर फारशा किल्ल्यांत करू देत नाहीत. कठडा जेमतेम मांडीपर्यंत येतो आणि फळ्या बाहेरच्या बाजूला किंचित उतरत्या आहेत. लहान मुलाचा हात सोडू नका, मोबाइलची दोरी मनगटात अडकवा, आणि उंचीची भीती असेल तर दारातूनच बघा. पाऊस-वाऱ्यात सज्जा बंद असू शकतो. गडगडाट सुरू झाला तर लगेच खाली उतरायला सांगतात. त्याला कारण आहे: जुलै २०१७ मध्ये छपरावर वीज पडून माथ्यावर शोभेसाठी बसवलेल्या माशांपैकी एक फुटला होता.

सज्ज्यातून दक्षिणेकडे बघा. खाली सरळ जाणारा एक रस्ता दिसतो, होनमाचीचा. तोच तुमचा पुढचा टप्पा. उत्तरेला नदी आहे. हवा स्वच्छ असेल तर लांबवर नागोयाच्या उंच इमारतीही दिसतात.

इतिहासाचं एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. पारंपरिक नोंदीप्रमाणे किल्ला १५३७ साली नोबुनागाचे काका ओदा नोबुयासु यांनी बांधला. आजच्या तेन्शूचं लाकूड मात्र, खोडाच्या वलयांवरून, १५८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तोडलेलं निघालं. १६१७ पासून नारुसे घराण्याकडे किल्ला आला. १८९१च्या भूकंपात तो खिळखिळा झाला, तेव्हा दुरुस्ती स्वखर्चाने करण्याच्या अटीवर सरकारने तो १८९५ साली याच घराण्याला परत दिला. २००४ मध्ये संस्थेकडे सोपवेपर्यंत तो त्या कुटुंबाच्या खासगी मालकीचा होता. वरच्या मजल्यावर टांगलेल्या तसबिरी या घराण्यातल्या सरदारांच्या.

आतलं सगळं बघायला पाऊण तास ते तास पुरतो.

मग गाव

टेकडी उतरून होनमाचीत शिरण्याआधी वाटेत 'किल्ला आणि गाव' संग्रहालय लागतं. लहान आहे म्हणून लोक टाळतात, तसं करू नका. आत एदो काळातल्या (सतरावं ते एकोणिसावं शतक) गावाची प्रतिकृती मांडलेली आहे. तिच्यासमोर दहा मिनिटं उभं राहिलात की पुढची सगळी चाल अर्थपूर्ण होते. गावाला बाहेरून खंदक आणि मातीचा बांध. मध्ये मुख्य रस्त्यालगत व्यापारी आणि कारागीर, त्यांच्या भोवती सामुराईंची घरं, आणि कडेला देवळं. म्हणजे सबंध गावच किल्ल्याचा बाहेरचा पदर होतं. कासार, तांबट, कुंभार अशा वस्त्यांचं कसबा पेठ ज्यांना माहीत आहे त्यांना इथली मोहल्ल्यांची नावं परकी वाटणार नाहीत: काजिया-माची लोहारांची, उओया-माची मासेविक्यांची.

होनमाची रस्ता आज एवढा जुना दिसतो त्यामागे गावकऱ्यांचा एक निर्णय आहे. हा ६ मीटरचा रस्ता १६ मीटर करण्याचा आराखडा होता. तसं झालं असतं तर दोन्ही बाजूंची जुनी घरं गेली असती. तो आराखडा रद्द झाला, विजेच्या तारा जमिनीखाली गेल्या आणि घरं राहिली. रस्तारुंदीत काय काय जातं हे पुण्याला कुणी शिकवायला नको. इथून चालताना हे मनात ठेवावं.

या रस्त्यावर एक घर अजिबात चुकवू नका: इसोबे कुटुंबाचं जुनं घर, पूर्वी कापडाची पेढी. प्रवेश मोफत. बाहेर उभं राहून छपराची रेघ बघा, बहुतेक जपानी छपरं आतल्या बाजूला झोकदार असतात, हे बाहेर फुगलेलं आहे. दर्शनी भाग अरुंद आणि घर आत लांबच लांब, मध्ये चौक, मागे कोठार. आपल्या वाड्यांसारखीच गरज, उत्तर वेगळं.

जवळच दोन्देन-कान आहे, इनुयामाच्या जत्रेचे रथ ठेवलेली वास्तू. १६३५ पासून चालत आलेली ही जत्रा एप्रिलच्या पहिल्या शनिवारी-रविवारी असते. तीन मजली १३ रथ निघतात, वरच्या मजल्यावर दोऱ्यांनी हलणाऱ्या बाहुल्या नाचतात, आणि रात्री प्रत्येक रथावर ३६५ कंदील लागतात. चौकात रथ एका बाजूने उचलून गर्रकन वळवतात. जत्रेला यायचं ठरवलं तर त्या दिवशी किल्ला आत जाऊन बघण्याचा नाद सोडा. दोन्ही साधत नाही.

शाकाहारी माणसाने काय खावं

मांस-मासे दिसत नाहीत म्हणजे पदार्थ शाकाहारी, असं जपानमध्ये धरता येत नाही. सोबा-उदोन या शेवयांचं पाणी, इनारी-सुशीची तळलेल्या तोफूची पिशवी, शिजवलेल्या भाज्या, सगळ्यात बहुधा 'दाशी' नावाचा अर्क असतो आणि तो सुकवलेल्या कात्सुओ माशाचा काढतात. दुकानात विचारायचं वाक्य पाठ करा: "कात्सुओ नो दाशी वा हाइत्ते इमासु का?" उत्तर "हाय", म्हणजे "हो", आलं तर ते न घेता पुढच्या दुकानात जा. पुण्यात जपानी शिकलेले इतके आहेत की निघण्याआधी कुणाकडून तरी हे कागदावर जपानीतून लिहून घ्यावं. दाखवायला सोपं जातं.

होनमाचीत काडीला लावलेले पदार्थ जागोजागी मिळतात. गोहेइ-मोची म्हणजे भात कुटून काडीवर थापून, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) किंवा सोयाचा गोडसर लेप लावून निखाऱ्यावर भाजलेला. भाजताना लेपाच्या कडा करपून तडतडतात, तेव्हाच घ्या, थंड झाल्यावर तो चिवट होतो. लेपात दाशी आहे का हे मात्र विचारा. मिसो लावून भाजलेला तोफू, म्हणजे देन्गाकु, आणि तांदळाच्या पिठाचे दान्गो हे बाकीचे पर्याय. कडक शाकाहारी असाल तर दशम्या-चटणी सोबत ठेवा, पण ताजी फळं आणि मांसाचा कुठलाही पदार्थ भारतातून नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

काडीचा पदार्थ घेतला त्या दुकानासमोरच खायचा आणि काडी तिथेच परत द्यायची. रस्त्यावर कचऱ्याचे डबे नसतात, त्यामुळे स्वतःची पिशवी ठेवा. बऱ्याच छोट्या दुकानांत रोख पैसेच लागतात. दोन-तीन हजार येन सुटे असू द्या.

केव्हा जावं, किती वेळ ठेवावा

मार्चअखेर-एप्रिल साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, आणि नोव्हेंबरअखेर लाल पानं, दोन्ही सुंदर आणि दोन्ही गर्दीचे. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तीशी ओलांडतो आणि हवा मुंबईसारखी चिकट असते. किल्ल्यात एसी नाही. कामाचे दिवस निवांत खरे, पण पेठेतली बरीच दुकानं तेव्हा बंद असतात. सगळा विचार करता शनिवारी सकाळी नऊला पोचणं उत्तम. १ जून ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान गेलात तर नदीवर पाणकावळ्यांकडून मासे पकडवण्याचा जुना खेळ नावेतून बघता येतो, त्यासाठी आधी जागा राखावी लागते.

जवळच मेइजी-मुरा आहे, मेइजी काळातल्या इमारती आणून उभारलेलं प्रचंड खुलं संग्रहालय. इनुयामा स्टेशनवरून बसने वीस मिनिटं. ते याच दिवसात कोंबण्याचा मोह होतो, पण त्याला स्वतंत्र दिवस लागतो. दोन्ही एका दिवसात धरले की किल्ल्याला पळत बघावं लागतं आणि मेइजी-मुराचा अर्धा भागही होत नाही.

घरी न्यायला गेन्कोत्सु घ्या. सोयाबीनचं भाजलेलं पीठ, धान्याचा पाक आणि काळी साखर यांच्या गोळ्या, इनुयामाची खासियत. शाकाहारी आहेत आणि प्रवासात टिकतात. भांड्यांची आवड असेल तर साकुरा आणि मेपलची पानं एकाच वाटीवर रंगवलेली इनुयामा-याकी बघा. दुकानं पाचच्या आसपास आवरायला लागतात, म्हणून खरेदी चारपर्यंत उरका. होनमाचीच्या दक्षिण टोकापासून इनुयामा स्टेशन दहा-पंधरा मिनिटांवर. तिथून नागोयाला जाणाऱ्या गाड्या वारंवार सुटतात, आणि या दिशेला रंगांच्या रांगांची भानगड नाही.